स्टीम डेकवर ऑफिसात गाणी ऐकताना आवाज वारंवार का थांबतो: कारणे आणि उपाय

स्टीम डेक या हातात धरून खेळण्याच्या संगणकावर कामाच्या वेळी गाणी लावून ठेवणाऱ्यांची एक तक्रार सारखी कानावर येते. गाणे सुरू करून यंत्र बाजूला ठेवले की काही मिनिटांनी आवाज थांबतो, बटण दाबून यंत्र जागे केले की तेच गाणे पुढे सुरू होते आणि थोड्या वेळाने पुन्हा थांबते. मग हेडफोन बदलून पाहिले जातात, गाण्यांचे ॲप काढून दुसरे टाकले जाते, क्वचित कोणी संपूर्ण प्रणालीच नव्याने बसवतो, आणि तरीही दुसऱ्या दिवशी आवाज थांबायचा तो थांबतोच. ‘आवाज थांबला’ या एकाच वर्णनाखाली अनेक निरनिराळे दोष येतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, हे त्याचे कारण आहे. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्याआधी आवाज नेमका कसा थांबतो, याकडे एकदा नीट लक्ष द्यावे.

आवाज थांबला त्या वेळी स्क्रीन काळी असेल आणि बटण दाबल्याशिवाय यंत्र काहीच प्रतिसाद देत नसेल, तर यंत्र झोपलेले आहे. स्क्रीनवर गाणे पुढे सरकताना दिसते पण कानात आवाज तुटत तुटत येतो, तर दोष ब्लूटूथच्या संपर्कात आहे. गाणे आपोआप ‘थांबवलेले’ दिसते, म्हणजे कोणीतरी थांबवण्याचे बटण दाबल्यासारखे, तर बहुधा हेडफोननेच तसा आदेश दिलेला असतो. आणि हेडफोन शांत होऊन आवाज अचानक यंत्राच्या स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू येऊ लागला, तर तो प्रकार वेगळा असून ऑफिसात सर्वांत अडचणीचा आहे. यांतला पहिला प्रकार सर्वाधिक आढळतो, त्यामुळे त्याबद्दल सविस्तर लिहितो.

यंत्र झोपते तेव्हा

फोनची स्क्रीन बंद झाली तरी फोन जागा असतो. प्रोसेसरचा एखादा कमी विजेवर चालणारा भाग गाणे वाजवत राहतो आणि म्हणूनच आपण फोन खिशात टाकून ऐकत राहतो. वॉल्व्ह कंपनीने २०२२ च्या फेब्रुवारीत बाजारात आणलेला स्टीम डेक तसा वागत नाही, कारण तो मुळात फोन नसून लिनक्स या प्रणालीवर चालणारा पूर्ण संगणक आहे. त्याचे पॉवर बटण हलकेच दाबले, की चालू असलेल्या कामाची स्थिती मेमरीत जपली जाते आणि प्रोसेसरसह जवळजवळ सगळ्या भागांचे काम थांबते. खेळ अर्ध्यावर सोडून नंतर तिथूनच पुढे खेळण्यासाठी ही सोय अतिशय उपयुक्त आहे. गाण्यासाठी मात्र प्रोसेसर जागा असावा लागतो, आणि तोच थांबल्यावर कोणतेही ॲप, कितीही चांगले असले तरी, एक सूरही वाजवू शकत नाही. त्यामुळे ‘झोपेतही गाणी वाजवणारे ॲप कोणते’ हा शोध सोडून द्यावा. झोप रोखायची आणि फक्त स्क्रीन बंद करायची, हा या समस्येवरचा खरा उपाय आहे.

तो कसा करायचा, हे आपण यंत्र कोणत्या मोडमध्ये वापरता यावर अवलंबून आहे. गेमिंग मोड (खेळांचा नेहमीचा पडदा) आणि डेस्कटॉप मोड (साध्या संगणकासारखा पडदा) यांच्या वीजबचतीच्या सेटिंग्ज एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या आहेत. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे लागू होत नाही, आणि ‘मी सेटिंग बदलली तरी यंत्र झोपतेच’ असे सांगणाऱ्या अनेकांच्या बाबतीत हेच घडलेले असते.

गेमिंग मोडमध्ये स्टीमचे बटण दाबून सेटिंग्जमधील पॉवर विभागात जावे. तिथे किती वेळाने स्क्रीन मंद व्हावी आणि किती वेळाने यंत्र झोपावे, हे बॅटरीवर असताना आणि चार्जर लावलेला असताना असे वेगवेगळे ठरवता येते. झोपेच्या दोन्ही वेळा बंद कराव्यात. या मोडमध्ये बटणांना हात लावला, स्टिक हलवली किंवा स्क्रीनला स्पर्श केला तरच यंत्र वापरात आहे असे धरले जाते. नुसते गाणे वाजत असणे पुरेसे ठरत नाही, आणि म्हणूनच टेबलावर ठेवलेले यंत्र ठरलेल्या वेळी झोपी जाते. मात्र झोप बंद केल्यानंतरही एक उणीव उरते. स्क्रीन तेवढी बंद करण्याचा साधा मार्ग गेमिंग मोडमध्ये दिलेला नाही, आणि पॉवर बटण दाबले तर यंत्र झोपतेच. दिवसभर गाणी ऐकण्यासाठी म्हणूनच मला डेस्कटॉप मोड अधिक योग्य वाटतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी की एका मोडमधून दुसऱ्यात जाताना आधीचे सर्व कार्यक्रम बंद होतात, त्यामुळे आधी मोड बदलून घ्यावा आणि मगच गाणी लावावीत.

डेस्कटॉप मोडमध्ये केडीई प्लाझ्मा (थोडक्यात केडीई) हा लिनक्सवरचा डेस्कटॉप असतो. त्याच्या सिस्टम सेटिंग्जमधील पॉवर मॅनेजमेंट विभागात तीन पाने दिसतात: चार्जर लावलेला असताना, बॅटरीवर असताना आणि बॅटरी कमी झाल्यावर. बहुतेक लोक समोर आलेले पान बदलतात आणि बाहेर पडतात. मग सकाळभर, म्हणजे चार्जर लावलेला असेपर्यंत, सगळे सुरळीत चालते. दुपारी दुसऱ्या जागेवर जाऊन बसले की गाणे थांबू लागते आणि दोष हेडफोनला दिला जातो. आपल्या यंत्राचे गाणे ठरावीक परिस्थितीतच थांबत असेल, तर ही तिन्ही पाने उघडून पाहावीत. पहिल्या दोन पानांवर आपोआप झोपण्याची सोय बंद करावी आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ एक-दोन मिनिटांवर ठेवावी. तिसऱ्या पानावर मात्र झोप चालू राहू द्यावी, कारण बॅटरी पूर्ण संपून यंत्र अचानक बंद पडण्यापेक्षा त्या वेळी गाणे थांबलेले बरे.

याच विभागात पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावे, हेही ठरवता येते. तिथे झोपेऐवजी ‘स्क्रीन बंद’ हा पर्याय निवडला, की बटण दाबून स्क्रीन घालवता येते आणि गाणे चालू राहते. सेटिंग्ज कायमच्या बदलायच्या नसतील, तर खालच्या पट्टीतील बॅटरीच्या चिन्हावर क्लिक केल्यावर झोप आणि स्क्रीन लॉक तात्पुरते रोखण्याची कळ मिळते. ती त्या बैठकीपुरती वापरावी. काही गाण्यांची ॲप आणि ब्राउझर वाजत असताना स्वतःहून झोप रोखतात, काही रोखत नाहीत, आणि एकच ॲप व्हिडिओसाठी रोखते पण नुसत्या आवाजासाठी रोखत नाही, असेही आढळते. त्यामुळे ॲपवर विसंबून राहू नये.

झोप बंद केलेल्या यंत्राबाबत एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. स्क्रीन काळी आहे म्हणजे यंत्र झोपले, असा आपल्या हाताला सराव झालेला असतो. आता तसे नाही. अशा स्थितीत ते बॅगेत टाकले, तर प्रोसेसर जागाच राहतो, हवा खेळायला जागा नसल्याने यंत्र तापते आणि घरी पोचेपर्यंत बॅटरी बरीच उतरलेली असते. ऑफिसातून निघताना मेन्यूमधून यंत्र स्वतः झोपवावे किंवा बंद करावे, आणि मगच केसमध्ये ठेवावे.

स्क्रीन बंद ठेवण्याचा आग्रह केवळ बॅटरीसाठी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या डेकच्या दुसऱ्या प्रकारात ओएलईडी स्क्रीन आहे, आणि त्या जातीच्या स्क्रीनवर तेच ते चित्र रोज तासन्‌तास स्थिर ठेवले तर कालांतराने त्याची पुसट छाया उमटण्याचा धोका असतो. अल्बमचे मुखपृष्ठ आणि थांबवण्या-चालवण्याची बटणे हे नेमके तसे स्थिर चित्र आहे. आधीच्या एलसीडी प्रकाराला हा धोका नाही, पण त्याची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे, तर ओएलईडीची ५०. गाणे वाजवण्यासारख्या हलक्या कामाला मंद स्क्रीनसह साधारण सहा वॅट खर्च झाले, तर एलसीडी प्रकार साडेसहा तासांच्या आसपास चालेल, म्हणजे ऑफिसचा दिवस पुरा होणार नाही. वॉल्व्हने स्वतः एलसीडीसाठी २ ते ८ तास आणि ओएलईडीसाठी ३ ते १२ तास असा पल्ला सांगितलेला आहे, आणि गाणी ऐकणाऱ्याने त्याच्या वरच्या टोकाकडे पाहायला हरकत नाही. पण त्यासाठी मागे कोणताही खेळ उघडा नको. थांबवून ठेवलेला खेळही प्रोसेसर आणि ग्राफिक्सला कामाला लावतो, आणि पंख्याचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जातो. गेमिंग मोडमध्येच राहायचे असेल, तर तीन टिंबांच्या बटणाने उघडणाऱ्या मेन्यूत प्रोसेसरच्या विजेची मर्यादा ३ ते १५ वॅटपर्यंत ठरवता येते. ती खालच्या टोकाला आणली तरी गाण्यात फरक पडत नाही.

डेकचा स्वतःचा चार्जर ४५ वॅटचा आहे. ऑफिसच्या लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून त्याहून बरीच कमी वीज मिळते आणि डेक तशी सूचनाही दाखवतो. खेळासाठी ती अपुरी पडते, गाण्यांसाठी सहसा भागते. तरीही आपले खासगी यंत्र कार्यालयाच्या संगणकाला जोडण्याआधी तिथले नियम पाहावेत, किंवा सरळ भिंतीवरचा सॉकेट वापरावा. दिवसभर चार्जर लावून ठेवणार असाल, तर डेकच्या स्टीमओएस या प्रणालीच्या २०२५ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून मिळालेली चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. पूर्ण भरलेल्या अवस्थेत सतत राहिलेली लिथियमची बॅटरी लवकर क्षीण होते. भारतात बहुतेकांनी हे यंत्र परदेशातून मागवलेले असते, त्यामुळे बॅटरी बदलून घेणे सोपे नसते, हाही विचार करावा.

आवाज तुटतो, किंवा गाणे आपोआप थांबते

ब्लूटूथ आणि जुन्या पद्धतीचे वाय-फाय हे दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. ऑफिसात त्या पट्ट्यात आधीच पुष्कळ गर्दी असते, शिवाय आपलाच डेक त्याच पट्ट्यातल्या वाय-फायवरून गाणी ओढत असेल, तर एकाच यंत्रातील दोन रेडिओ एकमेकांच्या वाटेत येतात. शक्य असेल तिथे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडावे. त्याहून उत्तम म्हणजे गाणी यंत्रातच साठवून वाय-फाय बंद ठेवावे, म्हणजे पाहुण्यांच्या नेटवर्कवर ओटीपी टाकून दर काही तासांनी पुन्हा लॉगिन करण्याचा त्रासही वाचतो. डेक डॉकला, म्हणजे जादा पोर्ट देणाऱ्या स्टँडला, जोडलेला असेल आणि त्या डॉकला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर ती काढून पाहावी. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ-गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका तांत्रिक लेखात दाखवून दिले होते. आणि यंत्र पायाशी बॅगेत असेल तर ते टेबलावर ठेवून पाहावे, कारण मानवी शरीर हे तरंग बऱ्यापैकी शोषून घेते.

गाणे ‘थांबवलेले’ दिसत असेल, तर हेडफोन एकाच वेळी दोन यंत्रांना जोडलेले आहेत का, ते पाहावे. आजकालच्या अनेक हेडफोनमध्ये ही सोय असते, आणि ऑफिसात बहुतेक जण एक जोडणी लॅपटॉपला व दुसरी डेकला देतात. लॅपटॉपवर कोणाचा संदेश आला, मीटिंगची घंटी वाजली, एखाद्या पानावरची जाहिरात आवाजासह सुरू झाली, की हेडफोन लॅपटॉपकडे वळतात आणि डेकला थांबण्याचा आदेश पाठवतात. लॅपटॉपचा आवाज संपल्यावर पुन्हा सुरू करण्याचा आदेश सगळेच हेडफोन पाठवत नाहीत. यात डेकचा दोष काहीच नसतो, म्हणून डेकच्या सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी उपयोग होत नाही. लॅपटॉपवरील सूचनांचे आवाज बंद करावेत, किंवा हेडफोनच्या ॲपमधून दोन यंत्रांची जोडणी बंद करावी. कानातून काढल्यावर आपोआप थांबणारे इअरबड वापरत असाल, तर तीही सोय बंद करून एक दिवस पाहावे, कारण सैल बसलेल्या इअरबडच्या सेन्सरची फसगत होऊ शकते.

आवाज थांबत नाही पण एकाएकी टेलिफोनसारखा बसका होतो, हा याच घराण्यातला आणखी एक दोष आहे. डेस्कटॉप मोडमध्ये संभाषणाचे एखादे ॲप माइक उघडते तेव्हा प्रणाली हेडफोनला संगीताच्या प्रोफाइलवरून फोनच्या प्रोफाइलवर नेते. ते ॲप बंद करावे, आणि आवाजाच्या सेटिंग्जमध्ये त्या हेडफोनसाठी ए२डीपी हे संगीताचे प्रोफाइल स्वतः निवडावे.

या सगळ्या कटकटीपेक्षा टेबलावर बसून ऐकायचे असेल, तर मी वायरचे हेडफोन सुचवीन. डेकच्या वरच्या कडेला ३.५ मिलिमीटरचा जॅक आहे आणि त्याला रेडिओच्या गर्दीचा काही त्रास नाही. वायर लावल्यावर गाण्याच्या सुरुवातीचा क्षण कापला गेल्यासारखा वाटला किंवा बारीक ‘टक्’ ऐकू आली, तर घाबरू नये. काही सेकंद शांतता असली की प्रणाली आवाजाचा भाग वीज वाचवण्यासाठी मिटवते आणि नवे गाणे आले की तो पुन्हा उघडतो. दोन गाण्यांत खंड न ठेवणारे ॲप वापरले की हे क्वचितच जाणवते. चार्जर लावल्यावरच गुणगुण ऐकू येत असेल, तर चार्जर काढून किंवा वेगळा लावून पाहावा.

आवाज स्पीकरमधून येतो तेव्हा

ब्लूटूथ हेडफोनचा संपर्क तुटला की प्रणाली आवाज उपलब्ध असलेल्या दुसऱ्या मार्गाने, म्हणजे यंत्राच्या स्पीकरने, काढते. हेडफोनची बॅटरी संपली, आपण पाणी प्यायला लांब गेलो, किंवा यंत्र झोपेतून उठल्यावर हेडफोन पुन्हा जोडले गेले नाहीत, तर सगळा कक्ष आपले गाणे ऐकतो. यावर खात्रीचा आणि अगदी साधा उपाय आहे. स्टीमओएसमध्ये आवाजाची पातळी प्रत्येक मार्गासाठी वेगळी लक्षात ठेवली जाते. हेडफोन काढून टाकावेत, ब्लूटूथ बंद करावे आणि मग स्पीकरची पातळी पूर्ण शून्यावर आणावी. त्यानंतर हेडफोन जोडून त्यांची पातळी हवी तशी ठेवावी. आता संपर्क तुटला तरी आवाज मुका स्पीकर गाठतो. घरी खेळताना पातळी पुन्हा वाढवली, तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिले काम म्हणून ती शून्यावर आहे का, हे पाहावे.

विंडोज असलेली यंत्रे

आसुसचा आरओजी अलाय किंवा लेनोव्होचा लिजन गो अशी डेकसारखीच हातात धरण्याची यंत्रे विंडोज ११ वर वापरत असाल, तर तत्त्व तेच आहे. सेटिंग्जमधील सिस्टम विभागात पॉवर आणि बॅटरीच्या पानावर झोपेची वेळ ‘कधीच नाही’ अशी करावी, स्क्रीनची वेळ कमी ठेवावी आणि पॉवर बटणाला झोपेऐवजी स्क्रीन बंद करण्याचे काम द्यावे. इथेही बॅटरीवरची आणि चार्जरवरची वेळ वेगवेगळी असते, हे विसरू नये.

कार्डावरची गाणी दिसत नाहीत, किंवा अपडेटनंतर ॲप नाहीसे होते

ही आवाज थांबण्याची तक्रार नाही, पण तिच्याबरोबरच येते. डेस्कटॉप मोडमधील डिस्कव्हर या दुकानातून घेतलेली ॲप फ्लॅटपॅक स्वरूपात असतात आणि त्यांना यंत्रातील ठरावीक फोल्डरच पाहण्याची मुभा असते. बऱ्याच गाण्यांच्या ॲपना केवळ ‘म्युझिक’ नावाचे फोल्डर दिसते. मायक्रोएसडी कार्डावर हजार गाणी असली तरी ॲपची यादी रिकामी राहते आणि कार्ड खराब झाल्याचा समज होतो. थोडी गाणी असतील तर ती सरळ ‘म्युझिक’ फोल्डरमध्ये उतरवावीत. संग्रह मोठा असेल, तर डिस्कव्हरमधूनच फ्लॅटसील हे ॲप घ्यावे आणि त्यात आपल्या गाण्यांच्या ॲपला कार्डाचे फोल्डर पाहण्याची परवानगी द्यावी. कार्ड डेकमध्येच फॉरमॅट केलेले असेल, तर ते ईएक्सटी४ पद्धतीचे असते आणि विंडोजचा संगणक ते थेट वाचत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते घातल्यावर ‘फॉरमॅट करू का’ असा प्रश्न आला, तर ‘नाही’ म्हणावे, नाहीतर सगळी गाणी जातील.

प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर गाण्यांचे ॲप गायब होत असेल, तर ते डिस्कव्हरऐवजी टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून), प्रणालीचे कुलूप उघडून, बसवलेले असावे. स्टीमओएसचा मुख्य भाग केवळ वाचण्यापुरता असतो आणि अपडेटच्या वेळी तो जसाच्या तसा बदलला जातो. त्यात आपण घातलेले काहीही पुढच्या आवृत्तीत उरत नाही. वापरकर्त्याच्या फोल्डरला मात्र अपडेट हात लावत नाही, त्यामुळे तिथली गाणी, केडीईच्या वीजबचतीच्या सेटिंग्ज आणि फ्लॅटपॅकची ॲप शाबूत राहतात. तेच ॲप, उदाहरणार्थ एलिसा, स्ट्रॉबेरी किंवा व्हीएलसी, डिस्कव्हरमधून पुन्हा बसवले की पुढच्या अपडेटनंतर ते जागेवर सापडेल.